गुरुवारची चिठ्ठी

भागवतनं भर बाजारात माझे पाय धरले. एवढंच झालं. सकाळी अकराच्या सुमाराला किराणा दुकानाच्या ओट्यापाशी गर्दी असतेच, आणि कुणी कुणाच्या पाया पडलं म्हणून परभणीत कुणी मान वळवून बघत नाही. पण माझ्या शेजारी माझी बायको अंबाबाई उभी होती, आणि भागवत माझ्या ज्या आयुष्यातला माणूस आहे त्या आयुष्यात तिचं पाऊल कधी पडलेलं नाही. तो सेलूकडचा, तिशीच्या आतबाहेरचा, इथं मोटारसायकली दुरुस्त करतो. त्याच्या हातात खारकांची पुडी होती, डिंक होता, हळीव होते. पोरगी झाली म्हणाला, परवा दुपारी. राजनंदिनी, म्हणजे त्याची बायको, आणि लेकरू, दोघंही बरी आहेत म्हणाला. मी बरं झालं, बरं झालं म्हणत होतो आणि डोळ्यांनी त्याला गप्प बसवू बघत होतो. पण नव्या बापाला दुसऱ्याचे डोळे दिसत नाहीत. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्याच्या बोटांना ऑईलचा वास होता, साबणानं घासूनसुद्धा न गेलेला.

"काका, तुमच्या चिठ्ठीनं मी वाचलो," तो म्हणाला. "तिला आत नेलं तवा माझे पाय उठले व्हते बघा. गाडीला किल्लीबी लावली. मंग तुमची चिठ्ठी ध्यानात आली आन् तिथंच बाकड्यावर बसून राहिलो."

मग त्याला माझ्या बाजूची बाई दिसली. त्याचा चेहरा एकदम उतरला. "येतो काका, गुरुवारी," म्हणाला, आणि हेसुद्धा बोलायचं नव्हतं हे कळल्यासारखा पुड्या छातीशी धरून गर्दीत शिरला.  अंबाबाईनं ओंजळभर शेंगदाणे घेतले, फुंकर मारून फोलपटं उडवली, दोन दाणे दाताखाली चावून बघितले आणि दुकानदाराला खवट आहेत म्हणून सांगितलं. त्याचं आणि तिचं थोडा वेळ चाललं, मग त्यानं दुसऱ्या पोत्यातले दिले. मी पिशवी धरून उभा होतो.  ऑटोत बसल्यावर, रेल्वे फाटकाशी गाड्या थांबल्या तेव्हा, ती बाहेर बघत म्हणाली की त्या पोरानं तुमची चिठ्ठी वाचली म्हणे. मी म्हणालो, ओळखीचा आहे, मोटारसायकलवाला. ती म्हणाली, "लोकाच्या पोराला तुमची चिठ्ठी वाचाया भेटती. घरच्या मानसाला न्हाई." मग फाटक उघडलं.

तो वाचलो म्हणाला होता, तिनं वाचली ऐकलं. मी तिला फोड करून सांगू शकलो नाही, कारण फोड करायला गेलो असतो तर कशातून वाचला हेही सांगावं लागलं असतं. मला स्वतःला हा शब्द अडतिसाव्या वर्षापर्यंत एकाच अर्थानं ठाऊक होता. लांडग्याच्या तोंडातून कोकरू वाचलं. तापातून म्हातारी वाचली. दुधनेला पूर आला तेव्हा वरच्या आखरावर बसवलेली मेंढरं वाचली. कागद वाचतात हे कानावर होतं, पण ते आपलं वाचणं नव्हे असं वाटायचं. वालूरच्या शिवारात आमची मेंढरं असायची, दीडशेच्या आसपास. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत मिळावं म्हणून, आणि आमचा बाप आठ-आठ दिवस एकेका रानात राहायचा. तेव्हाचा वास मला आजही येतो. ओल्या लोकरीचा, घोंगडीचा, बाभळीच्या शेंगा चघळणाऱ्या बकऱ्यांच्या तोंडाचा. लग्न होऊन अंबाबाई आली ती पंधरा वर्षांची. मेंढरांच्या मागून चालायची, आणि रस्त्यात एखादी मेंढी व्याली की ओलं कोकरू उचलून ओच्यात घ्यायची. लुगड्याचा पदर त्याच्या भोवती, आणि त्याचं काळं नाक तेवढं बाहेर. ती चालताना त्याच्याशी बोलायची. काय बोलायची ते मला ऐकू येत नसे, कारण मी पुढं असायचो. आता वाटतं, एक दिवस मागं राहून ऐकायला काय हरकत होती. ऑटो वसमत रोडला लागला होता आणि ती शेजारी बसलेली होती, पासष्ट-सहासष्टची, मांडीवर पिशवी धरून, आणि मला ते कोकराचं नाक दिसत होतं.

मेंढरं गेली ती एका वर्षात गेली. रोग आला, मग बापही गेला, आणि मी परभणीला कृषी विद्यापीठाच्या रानावर रोजंदारीवर लागलो. पुढं कायम झालो. ह्या सगळ्यात माझा नाद कधी सुरू झाला हे मला बोट ठेवून सांगता येत नाही. नाद हाच आमचा शब्द आहे. आमची गुरुवारची बैठक चालवणाऱ्या व्यंकटरावांनी हैदराबादेहून जे पुस्तक आणलं त्यात मोठा शब्द होता, दोन शब्दांचा मिळून, तो तोंडातून काढताना आमच्यातला एकही माणूस मान वर करू शकत नसे. मी पहिल्या दिवशी म्हणालो, मला बाईचा नाद हाय. मग सगळे तसंच म्हणू लागले. कुणाला बाईचा, कुणाला फोनमधल्या बायांचा, कुणाला नुसत्या बघण्याचा. नाद म्हणजे मौज असं लोक समजतात. सुरुवातीला असतेही. पुढं मौज निघून जाते आणि पाय तेवढे राहतात. तुम्ही भाजी आणायला निघता आणि पाय दुसरीकडे वळतात, आणि तुम्ही पायांच्या मागून जाता, मेंढरामागं धनगर जातो तसे. परभणीतच एक गल्ली होती. आता तिथं मोबाईलची दुकानं आहेत. मी आठवड्यातून एकदा जायचो, मग तीनदा, मग दुपारी जेवायच्या सुट्टीत. तिथून निघताना दर वेळी ठरवायचो की हे शेवटचं, आणि ते ठरवण्यातसुद्धा एक गोडी होती, ताप उतरल्यावर येतो तसा हलकेपणा. खरं सांगायचं तर त्या गल्लीची आठवण मला अजून गोड लागते. लिंबाच्या झाडाखालचा तो पाण्याचा नळ, खिडकीतला मळका हिरवा पडदा, कुठल्याशा घरात लागलेला रेडिओ. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा मला वाटलं सगळे उठून जातील. व्यंकटराव म्हणाले, "गोडच असतं, रायभान. कडू असतं तर आपण इथं कशाला बसलो असतो?"

मग अक्षरं आली. साक्षरतेचे वर्ग निघाले ते वर्ष. विद्यापीठाच्या वस्तीत एक दहावी झालेली पोरगी शिकवायची, उन्हाळ्याच्या दुपारी, गोठ्याच्या पडवीत. मोठमोठे बाप्ये तिच्यापुढं पाटी घेऊन बसायचे आणि मिशांवरून हात फिरवायचे. तीन महिन्यांत मी वाचायला लागलो. सगळ्यांच्या आधी. मला नारळ दिला, फोटो काढला, त्या पोरीनं सगळ्यांदेखत सांगितलं की इच्छा असली की माणूस कुठल्याही वयात शिकतो, बघा रायभान मामांकडं. मी फोटोत हसलो आहे. इच्छा कसली होती ते मला एकट्याला माहीत होतं. मानवतच्या एसटी स्टँडवर एका टपरीत पिवळ्या कव्हराची पुस्तकं मिळायची, वर्तमानपत्रात गुंडाळून. दुसरे लोक ती वाचून आपसांत हसायचे, आणि मला नुसतं कव्हर बघता यायचं. त्या पुस्तकांसाठी मी अक्षरं शिकलो. र, मग म, मग जोडाक्षरं. ती पोरगी माझा हात धरून काना काढायला शिकवायची, जीव लावून शिकवायची, आणि माझ्या मनात ती टपरी असायची. सरस्वती म्हणतात तिला मी असल्या वाटेनं घरात आणली. पुढं किती वर्षं मला कुठलंही छापील अक्षर दिसलं, लग्नाची पत्रिका असो की दुकानाची पाटी, की त्याच्यामागून थोडी ती पिवळी पुस्तकं दिसायची. तरीपण अक्षर म्हणून अक्षराचा मला धाक होता. लिहिलेला कागद माझ्यानं कधी फाडवला नाही. पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावायचो, मग तो विडीच्या पुड्याचा का असेना.

नोकरी संपली आणि दिपालीनं, माझ्या मुलीनं, मला मोठा फोन घेऊन दिला. त्यात अक्षरांचीही गरज नव्हती. त्या दोन वर्षांबद्दल मी जास्त सांगत नाही. नात अर्पिता तेव्हा चार वर्षांची होती, सुट्टीत आलेली. मी न्हाणीत गेलो असताना तिनं फोन उचलला, चित्रं बघायला. मी बाहेर आलो आणि तिच्या हातातून तो असा ओढला की तिचं बोट मुरगळलं. ती रडली नाही आधी. माझ्याकडं बघत राहिली, ओळख पटत नसल्यासारखी. ती मग रडली, पण माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही ते आधीचं बघणं. तिनं काही पाहिलं नव्हतं, फोनला कुलूप होतं. ते मला नंतर कळलं. मी दवाखान्यात गेलो आणि झोप लागत नाही म्हणून सांगितलं. तिथल्या समुपदेशन करणाऱ्या बाई शांत होत्या, त्यांनी विचारत विचारत माझ्याकडून काढून घेतलं, आणि एका चिठ्ठीवर व्यंकटरावांचा नंबर लिहून दिला.

व्यंकटराव कारकून होते, आता निवृत्त. मुलाकडे हैदराबादला राहत असताना तिथं असल्या माणसांच्या बैठकीला जायचे, परत आल्यावर इथं सुरू केली. दर गुरुवारी चार वाजता, स्टेशनच्या अलीकडं एका शिकवणीच्या खोलीत. ती खोली पाचनंतर पोरांची असते. आम्ही सहा-सात जण लहान बाकांवर गुडघे दुमडून बसतो, आणि समोरच्या फळ्यावर कुणीतरी सोडवलेली गणितं असतात. पहिल्या दिवशी व्यंकटरावांनी डोळे मिटून प्रार्थनेच्या चार ओळी म्हटल्या, मग म्हणाले, "कुणाची स्लिप झाली असंल तर सांगावं." मी घाबरलो. दवाखान्यात आधी चिठ्ठी काढावी लागते, मोंढ्यात धान्याच्या मापाची स्लिप लागते, विद्यापीठात तर स्लिपशिवाय फावडंसुद्धा मिळत नसे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, माझी स्लिप अजून न्हाई झाली. म्या आजच आलोय. पुढल्या गुरुवारी आणतो." कुणी हसलं नाही. व्यंकटरावांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. पुस्तकात पाय घसरण्याला स्लिप म्हणतात हे मला महिनाभरानं कळलं. तोवर मी दुसऱ्या गुरुवारी कॅलेंडरच्या कागदाच्या पाठीमागं, मोठ्या अक्षरांत, काना-मात्रा सांभाळत, आठवड्यात काय झालं ते लिहून नेलं होतं आणि उभं राहून वाचलं होतं. वाचताना माझा घाम माझ्या बनियनमधून खाली उतरत होता. पण तोंडानं जे मी मेलो तरी बोललो नसतो ते कागदावरून बोललं गेलं. पुढच्या वेळी आणखी दोघांनी चिठ्ठ्या आणल्या. आता आमच्याकडं ती रीतच झाली. हैदराबादला असं काही नाही म्हणतात. आमच्याकडं घसरलेला माणूस चिठ्ठी वाचतो, आणि न घसरलेला, त्याची पाळी आली की, जुन्या गोष्टीची चिठ्ठी वाचतो, कधीकाळच्या. वाचून झाली की बाकीचे आपली फाडून टाकतात. मला ते जमत नाही. मी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवतो, आणि ती धुण्यात विरघळून जाते असं मी स्वतःला सांगत होतो.

मागच्या महिन्यात मी एक जुनी चिठ्ठी लिहिली. दोन वर्षं झाली, मी घसरलेलो नाही, म्हणून जुनीच लिहायची होती. अडतीस वर्षांपूर्वीची. अंबाबाईला सातवा महिना चालू होता आणि तिला कळा आल्या. आमचं पहिलं लेकरू. मी तिला दवाखान्यात आणलं, नर्सबाईंनी तिला आत घेतलं आणि मला गरम पाणी आणायला सांगितलं. माझ्या हातात थर्मास होता, शेजारणीचा, निळा. हॉटेल समोरच होतं. मी हॉटेल ओलांडून गेलो. पाय गल्लीकडं वळले. मी भ्यालो होतो हेही खरं आहे, पण भ्यालेली माणसं बाकड्यावर बसून भितात. मी पाच तासांनी परत आलो. थर्मासात पाणी होतं, तेही येताना भरलेलं. अंबाबाई खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली होती. लेकरू मेलेलंच जन्मलं, ती म्हणाली. मी म्हणालो, पाण्याला लय गर्दी होती.  लेकरू तोवर तिच्या भावानं नेलं होतं. मी ते बघितलं नाही. एवढं सगळं मी कागदावर लिहिलं, दोन्ही बाजूंनी, आणि वाचून झाल्यावर भागवत रुमालात तोंड घालून बसला होता. त्याच्या बायकोचा तेव्हा नववा लागत होता.

घरी आलो तर अंबाबाईनं पिशवी ओट्यावर ठेवली, शेंगदाण्यांची पुडी डब्यात ओतली, पाय धुतले. मी वर्तमानपत्र घेऊन बसलो. ती आतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर खाली बसली. झाकण निघता निघत नव्हतं, तिनं उलथन्यानं काढलं. आत माझ्या चिठ्ठ्या होत्या. कॅलेंडरचे कागद, लग्नपत्रिकेच्या पाठीमागच्या बाजू, विजेच्या बिलाचे तुकडे, सगळे नीट एकावर एक, चाळीसेक तरी असतील. सदरा भिजवायच्या आधी ती खिसे बघते हे मला काय माहीत नव्हतं? पेन्शनरांची बैठक आहे म्हणून मी दर गुरुवारी बाहेर पडत आलो. एकदा फार पूर्वी तिनं विचारलं होतं की ह्या कागदांचं काय करू, आणि मी चपला घालता घालता म्हणालो होतो, ठेव, कामाचे आहेत. ती विसरली नव्हती. ठेवत गेली. मी बैठकीला जाऊ लागल्यापासून सहा वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो, आणि माझं सगळं लिहिलेलं पीठ चाळायच्या चाळणीशेजारी ठेवलेलं होतं. त्या बाईला अक्षर येत नाही म्हणून मी वाचलो होतो. दोन्ही अर्थांनी लिहितो आहे असं कुणाला वाटेल, पण तेव्हा मला शब्दाचं काही सुचत नव्हतं. 

"वाचा," ती म्हणाली.

मी वरची चिठ्ठी घेतली. तीच होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. सगळ्यात शेवटची म्हणून सगळ्यात वर. मी घसा साफ केला आणि म्हणालो की हे पेन्शनचं आहे. मग वाचू लागलो. वरिष्ठ कार्यालयास कळविण्यात येते की श्री. रायभान यांनी हयातीचा दाखला सादर केला असून. मला ती भाषा पाठ आहे, तीस वर्षं नोटिसा ऐकलेल्या. असे फटाफट शब्द येत होते की मलाच नवल वाटलं. तिनं मान खाली घालून पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्या खेपेला बोट न्हाई ठेवलं तुमी."

मी बोटाशिवाय वाचू शकत नाही. त्या पोरीनं तसंच शिकवलं होतं, आणि मोठेपणी शिकलेल्याचं बोट कधी सुटत नाही. वर्तमानपत्र असो, औषधाची बाटली असो, माझं बोट अक्षराखालून सरकतं आणि ओठ त्याच्यामागून. अंबाबाईनं हे तीस वर्षं समोर बसून, भाकरी थापताना, लसूण सोलताना बघितलेलं. तिला अक्षर येत नाही, पण मी वाचतो कसा ते तिला येतं. बोट कागदावर नव्हतं, म्हणजे तोंडात जे होतं ते कागदावरचं नव्हतं. मी चिठ्ठी खाली ठेवली. भिंतीवरचं घड्याळ बंद आहे, त्यामुळं घरात कसला आवाज नव्हता. मला वाटलं उठावं, पायांत चपला घालाव्यात, मोंढ्यात जाऊन यावं. पाय तयारच होते. इतक्या वर्षांनी तेच पाय. तिनं डबा मांडीवर घेतला होता आणि ती माझ्या चेहऱ्याकडं बघतही नव्हती, माझ्या बोटाकडं बघत होती. बैठकीत माणसं आपलीच असतात, तीही घसरलेली. इथं ती एकटी होती आणि तिचं काहीच घसरलेलं नव्हतं. मी कागद परत उचलला. बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं. ते ठेवल्यावर दुसरं काही बोलता येत नाही. मी वाचलं. नाद हा शब्दही वाचला, गल्ली वाचली, थर्मास वाचला. किती तास गेलो होतो तेही वाचलं. कागद उलटा केला आणि तीही बाजू वाचली. मधे एकदा जोडाक्षराला अडखळलो, तेव्हा ती थांबून राहिली, दप्तर उघडून बसलेल्या लेकराला वेळ द्यावा तशी.

वाचून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. रडली नव्हती. उन्हातून आलेलं माणूस पुसतं तसं पुसलं.

"मला वाटायचं तुमी भिऊन गेलते," ती म्हणाली. "पोर जगनार न्हाई हे तुमाला कळलं आन् बघवलं न्हाई. म्हून म्या कधी इचारलं न्हाई. भाऊ लय बोलला तुमाला माघारी. म्या त्यालाच गप केलं. म्हनलं, त्यांचं काळीज हळवं हाय."

 मला कळत होतं की मी तिच्याकडून काय काढून घेतलं. अडतीस वर्षं तिनं माझ्याबद्दल एक चांगलं सांगणं जपलं होतं, माझं नसलेलं हळवं काळीज, आणि मी ते बोट ठेवून पुसलं. माफी मागावी असं तोंडाशी आलं होतं. पण माफी मागितली की ती म्हणणार जाऊ द्या, आणि हलका मी होणार. म्हणून मागितली नाही. ती डब्यातल्या चिठ्ठ्या बोटांनी सारख्या करत होती. मग तिनं खाली बघूनच सांगितलं की लेकरू मेलेलं नव्हतं. रडलं होतं. लहान आवाजात, मांजराच्या पिलासारखं. बाईंनी त्याला कापसात गुंडाळून तिच्या छातीशी दिलं होतं, आणि ते तासभर, कदाचित जास्त, तिच्याजवळ होतं. डोळे उघडले होते. मुलगा होता. ती त्याच्याशी बोलत होती. बाहेर कुणी आलं की तिला वाटायचं मी आलो. मग ते थंड पडत गेलं आणि तिला ते कळत गेलं.

"तुमी पानी घेऊन आले तवा तुमचं तोंड बघितलं," ती म्हणाली. "जितं व्हतं म्हनले असते तर तुमी मेले असते. म्हून म्हनले मेलेलंच झालं."

मला त्या रस्त्यावरची ती आठवली, मेंढरांच्या मागची, ओच्यातल्या कोकराशी बोलणारी. मी विचारलं, ती त्याला काय म्हणाली. ती म्हणाली, आता काय ते. मग, मी परत न विचारता, तिनं सांगितलं की सोमवार होता आणि बाहेर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, आणि तिनं त्याला गाड्या मोजून दाखवल्या. मला तो मंगळवार आठवत होता.  सोमवारच असेल. तिथं ती होती.

"नाव ठिवलं व्हतं म्या," ती म्हणाली. "एकलीनंच."

मी नाव विचारलं. तिनं मान हलवली. "ते न्हाई सांगायची. ते माझं हाय."

 दुपार झाली होती, दारातलं ऊन उंबऱ्याच्या आत आलं होतं. तिनं डब्याचं झाकण लावलं, तळहातानं ठोकून बसवलं, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. डबा होता तिथं ठेवून आली. चुलीकडं वळताना म्हणाली की त्या पोराच्या लेकराला टोपडं शिवून देईन, कापड पडलंय घरात. मी म्हणालो, ह्या गुरुवारी मी जात नाही. घरीच बसतो.

"जावा," ती म्हणाली. तिनं परात खाली घेतली आणि पिठात पाणी घातलं. "गुरुवारी तुमी गेले की दार लावून म्या त्याला नावानं हाक मारती. मोठ्यानं. तुमी घरात असले की जमत न्हाई."

तिनं पीठ मळायला घेतलं. मी तिथंच बसून होतो.